घरफाळ्यातले सहा पैसे

८ ऑगस्ट २०२४, गुरुवार. ऑफिस सुटल्यावर स्कॉटलंडमधल्या एडिंबराहून, मी राहते त्या डनफर्मलिनला येणाऱ्या गाडीत बसले होते. इथे साडेपाच, म्हणजे कोल्हापुरात रात्रीचे दहा. गाडी फोर्थ खाडीच्या पुलावर आली आणि मोबाईल थरथरायला लागला तो थांबेचना. केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं होतं. लहानपणी आईचा हात धरून ज्या छताखाली पहिलं नाटक पाहिलं, ते छत कोसळताना मी परक्या देशातल्या गाडीत, अनोळखी माणसांच्या शेजारी बसून पाहिलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती.

शाहू महाराजांनी १९१५ साली 'पॅलेस थिएटर' म्हणून उभं केलेलं हे नाट्यगृह. आग विझायच्या आतच कोल्हापूरकरांची मागणी ठरली होती, आणि ती एकच होती: जसं होतं तसं उभं करा. माझंही तेच म्हणणं होतं, आजही आहे. पण त्याच पंधरवड्यात आमच्या घरात दुसऱ्या एका इमारतीचा विषय निघाला. तिला आग लागलेली नव्हती, म्हणून तिच्यासाठी कोणी रडतही नव्हतं.

आमच्या पेठेतलं वाचनालय. दगडी जोतं, सागवानी तुळया, मंगलोरी कौलं, आणि दारातून आत शिरलं की डाव्या हाताला देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, निवृत्त शिक्षक आहेत आणि गेली बारा वर्षं या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहेत. कार्यकारिणीपुढे प्रस्ताव आला होता की जुनी इमारत उतरवायची, तीन मजली नवी बांधायची, तळमजल्यावर भाड्याने गाळे, वरच्या दोन मजल्यांवर स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी अभ्यासिका, आणि पुस्तकं मागच्या एका खोलीत. अर्धी मंडळी म्हणत होती, वास्तू जपलीच पाहिजे. अर्धी म्हणत होती, वास्तू जपून पगार कुठून द्यायचा? आबांनी फोनवर मला विचारलं, "तिकडं काय करत्यात गं अशा इमारतींचं?"

प्रश्न साधा होता. पण मी राहते त्या गावात त्याचं उत्तर घरापासून दहा मिनिटांवर उभं आहे, त्यामुळे आबांना दोन वाक्यांत काही सांगता आलं नाही. तेच इथे सविस्तर लिहिते आहे.

डनफर्मलिन हे विणकरांचं गाव. तागाचं नक्षीदार कापड, डमास्क, ही इथली ओळख होती. इचलकरंजीच्या माणसाला इथे परकं वाटणार नाही; मागाच्या खटखटीवर ज्या गावाचं पोट चाललं, ते गाव कुठेही गेलं तरी ओळखू येतं. याच गावात १८३५ साली एका हातमाग विणकराच्या घरी अँड्र्यू कार्नेगीचा जन्म झाला. वाफेचे माग आले, हातमाग बसले, आणि १८४८ साली ते कुटुंब अमेरिकेला निघून गेलं. पुढे पोलादाच्या धंद्यात तो मुलगा जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एक झाला. त्याने जगभरात अडीच हजारांवर, नेमका आकडा २,५०९, ग्रंथालयांच्या इमारती बांधायला पैसे दिले. त्यातली पहिली याच गावातली. १८८१ साली त्याच्या आईने तिची कोनशिला बसवली आणि १८८३ च्या ऑगस्टमध्ये ती लोकांसाठी उघडली. दारावर दगडात उगवता सूर्य कोरलेला आहे आणि त्याच्या वर अक्षरं आहेत: प्रकाश होवो.

मला मात्र यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. पोलादाच्या पैशाच्या कितीतरी आधी इथे पाच विणकरांनी आपापली पुस्तकं एकत्र करून शेजाऱ्यांना वाचायला द्यायला सुरुवात केली होती. त्या पाचांत कार्नेगीचे वडील होते. म्हणजे पोलादाचा पैसा आला तेव्हा गावात वाचनालयाची सवय आधीच रुजलेली होती.

आणि पैसा आला तो अटीसह. कार्नेगी फक्त इमारत बांधून देत असे. जागा गावाने द्यायची आणि चालवायचा खर्च गावाच्या करातून, दरवर्षी, कायमचा. अमेरिकेत तर हिशेब ठरलेला होता: देणगीच्या दहा टक्के इतकी रक्कम गावाने दरसाल ग्रंथालयावर खर्च करायची. दहा हजार डॉलर हवे असतील तर वर्षाला एक हजार घालण्याचा ठराव आधी करा. ज्या गावांना हे मान्य नव्हतं, त्यांना इमारत मिळाली नाही.

या माणसाची आरती ओवाळायची माझी इच्छा नाही. १८९२ साली त्याच्या होमस्टेडच्या कारखान्यात संप झाला, गोळ्या चालल्या, माणसं मेली. बारा-बारा तास भट्टीपुढे उभं राहणाऱ्या कामगाराने पुस्तक वाचायचं कधी, हा प्रश्न त्या काळीही लोकांनी विचारला होता आणि तो रास्तच होता. पण ती अट रास्त होती. दाता मरून शंभर वर्षं झाली तरी डनफर्मलिनची इमारत चालू आहे ती त्या अटीमुळे. २०१७ साली तिला जोडून नवी इमारत उभी राहिली, संग्रहालय आणि कलादालन आलं, सव्वा कोट पौंडांच्या घरात खर्च झाला, आणि मूळ दगडी इमारत मधोमध तशीच ठेवली. माझी लेक जुन्या दारातून आत जाते आणि नव्या काचेच्या खिडकीशी बसून वाचते. खिडकीतून समोर मठाचं आवार आणि जुनी थडगी दिसतात. तिला त्याची भीती वाटत नाही, मला पहिल्या वर्षी वाटायची.

वर्गणी नाही, अनामत नाही. तिचं कार्ड काढलं तेव्हा समोरच्या बाईंनी फक्त नाव आणि पत्ता विचारला. मी सवयीने पर्स उघडली होती, ती मिटली.

आता कोल्हापूरकडे येते.

१८५० साली ब्रिटिश पार्लमेंटने सार्वजनिक ग्रंथालयांचा पहिला कायदा केला. दहा हजारांवर वस्ती असलेल्या नगरांना ग्रंथालयासाठी पौंडामागे अर्धा पेनी कर बसवायची मुभा दिली. गंमत म्हणजे त्या पैशातून इमारत बांधता येत होती, पुस्तकं घेता येत नव्हती. ती कोणीतरी दान देईल अशी समजूत होती. आणि त्याच १८५० साली कोल्हापुरात 'नेटिव्ह लायब्ररी' सुरू झाली. तीच पुढे जनरल लायब्ररी आणि आजचं करवीर नगर वाचन मंदिर. रत्नागिरीचं वाचनालय तर १८२८ चं, अहमदनगरचं १८३८ चं, नाशिकचं १८४० चं, पुण्याचं १८४८ चं. म्हणजे या बाबतीत आपण कोणाच्या मागे नव्हतो. ज्या स्कॉटलंडमध्ये मी आज करातून चालणाऱ्या ग्रंथालयात जाते, तिथे तो कायदा लागू व्हायला आणखी तीन वर्षं लागली.

फरक पडला तो पैशाच्या वाटेत. आपल्याकडची नेटिव्ह ग्रंथालयं वर्गणी आणि देणगीवर उभी राहिली. सरदार, अंमलदार, वकील, शिक्षक यांच्या खिशातून ती चालली. त्यांचे उपकार मोठे आहेत, पण वर्गणी म्हटली की दारात एक उंबरठा आला. ज्याच्याकडे महिन्याचे चार आणे नाहीत, त्याने बाहेरच्या बाकावर वर्तमानपत्र वाचायचं आणि घरी जायचं.

हा उंबरठा काढायचा प्रयत्न कोल्हापूरनेच केला होता, हे आज किती कोल्हापूरकरांना माहीत आहे? भारतातला पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा कोल्हापूर संस्थानचा, १९४५ सालचा. मद्रासचा कायदा त्यानंतर तीन वर्षांनी आला. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. ज्या संस्थानाने आधी सगळ्यांना वाचायला शिकवलं, त्याने पुढच्या पिढीत वाचायची सोय कायद्यात आणावी, यात मला एक सरळ रेषा दिसते. १ मार्च १९४९ रोजी संस्थान विलीन झालं आणि तो कायदा मागे पडला. आज ग्रंथालयशास्त्राची मुलं परीक्षेत एका गुणासाठी त्याचं साल पाठ करतात. गावात त्याची एक पाटीसुद्धा मी पाहिलेली नाही.

महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्यात ग्रंथालय कर नाही. सरकार निधी देतं आणि अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार वाचनालयांना अनुदान मिळतं. मध्यंतरी त्यात ६० टक्के वाढ झाली, चांगलं झालं. पण अनुदान म्हणजे वरून येणारा पैसा. तो कधी येईल आणि किती येईल, हे आमच्या पेठेच्या हातात नसतं. आबांच्या वाचनालयात अनुदानाचा हप्ता रखडला की ग्रंथपाल काकांचा पगारही रखडतो. मग कार्यकारिणीतलं कोणी पदरचे घालतं. कौलं फुटली की पावसाळ्यापुरतं प्लास्टिक टाकलं जातं. असं वीस वर्षं चाललं की इमारत 'धोकादायक' होते, आणि मग गाळ्यांचा प्रस्ताव येतो. प्रस्ताव आणणाऱ्यांवर माझा राग नाही. पगार द्यायचा असतो आणि त्यांच्यापुढे दुसरी वाट कोणी ठेवलेली नसते.

म्हणून आबांना मी सांगितलं, की वास्तू ठेवायची की पाडायची हा वाद मुळात दुसऱ्या पायरीचा आहे. पहिली पायरी म्हणजे दर महिन्याचा खर्च कोण देणार. ते ठरलं नाही, तर जुनी इमारत राखली तरी ती आतून पोकळ होईल आणि नवी बांधली तर तिची कौलं, म्हणजे स्लॅब, वीस वर्षांनी गळेल.

आणि याचं उत्तर शोधायला स्कॉटलंडला यायची गरज नाही. कागलच्या पुढे कोगनोळीचा नाका ओलांडला की निपाणी. तिथे, कर्नाटकात, स्थानिक करांवर रुपयामागे सहा पैसे ग्रंथालय कर आहे. तमिळनाडूत दहा पैसे, आंध्रात आठ, केरळात पाच. आपल्या घरफाळ्याच्या बिलात शिक्षण कर असतो, वृक्षकर असतो. ग्रंथालयाची ओळ नसते. पाच हजार घरफाळा भरणाऱ्या घराला रुपयामागे सहा पैसे म्हणजे वर्षाला तीनशे रुपये, महिन्याला पंचवीस.

आबा फोनवर गप्प झाले. मग म्हणाले, "कोल्हापुरात नवा कर? टोलचं काय झालं ठाऊक आहे न्हवं?"

ठाऊक आहे. टोलविरुद्ध कोल्हापूर रस्त्यावर आलं, वर्षानुवर्षं भांडलं आणि शेवटी टोल घालवला. मला त्या आंदोलनाचा अभिमान आहे. पण त्यातून मी वेगळा धडा घेते. लोकांचा विरोध पैसे देण्याला नव्हता. ज्या रस्त्याचं काम मनासारखं झालं नाही आणि ज्याचा हिशेब कळत नाही, त्याच्यासाठी नाक्यावर रोज अडवलं जाण्याला होता. ज्या गावात वर्गणी काढून तालमी उभ्या राहतात, गणपती बसतात, महापुरात रातोरात भाकऱ्यांचे ढीग जमतात, ते गाव द्यायला मागेपुढे पाहतं असं म्हणणं खरं नाही. देणाऱ्याला आपला पैसा डोळ्यांसमोर दिसला पाहिजे.

कर बसला की सगळं सुतासारखं सरळ होतं, असंही नाही. कर्नाटकात महापालिका ग्रंथालय कर गोळा करतात आणि ग्रंथालय खात्याला वेळेवर देत नाहीत, ही तक्रार जुनी आहे. इथेही सुख नाही. २०१५ साली फाइफमधल्या, म्हणजे आमच्याच परगण्यातल्या, १६ ग्रंथालयांना टाळं लावायचं ठरलं. कारण एकच, पैसे नाहीत. खाणीची गावं, समुद्रकाठची कोळ्यांची गावं, जिथे दुसरं काही उरलेलं नाही, तिथली ग्रंथालयं आधी गेली. आणि ग्लासगोच्या कला विद्यालयातलं, मॅकिंटॉश या वास्तुविशारदाने घडवलेलं ग्रंथालय २०१४ साली जळलं. ते पुन्हा जसंच्या तसं उभं करण्याचं काम चालू असतानाच २०१८ साली अख्खी इमारत जळाली. आजही ती उभी राहिलेली नाही. 'परदेशात बघा कसं जपतात' असं कोणी म्हणालं की मला ती काळी पडलेली भिंत आठवते.

तरीही एक फरक मी रोज पाहते. फाइफमध्ये ग्रंथालयं बंद व्हायला लागली तेव्हा लोकांच्या हातात एक कायदेशीर मुद्दा होता: पुरेशी ग्रंथालय सेवा देणं हे स्थानिक कौन्सिलचं कर्तव्य आहे, असं इथला कायदा सांगतो. म्हातारी माणसं करपावती दाखवून बोलत होती. सगळी ग्रंथालयं वाचली नाहीत. पण मागणाऱ्याचा सूर हक्काचा होता. आबा अनुदानासाठी कचेरीत जातात तेव्हा त्यांचा सूर विनंतीचा असतो, तो मी लहानपणापासून ऐकला आहे. चाळीस वर्षं मुलांना ताठ उभं राहायला शिकवणारा माणूस तिथे जरा वाकून बोलतो.

अभ्यासिकेबद्दल बोलायलाच हवं, कारण घरच्या वादात सर्वांत कडू भाग तोच होता. काही जुने सभासद म्हणतात, ही मुलं पुस्तकाला हात लावत नाहीत, आपली गाईडं आणतात, टेबल अडवतात आणि पंख्याचं बिल वाढवतात. मला हे ऐकवत नाही. राधानगरी, चंदगड, शाहूवाडीतून आलेला मुलगा खोलीत चौघांबरोबर राहतो, त्याला बसायला शांत जागा हवी असते. शाहू महाराजांनी बोर्डिंगं काढली ती कोणासाठी? या मुलांच्या आज्या-पणज्यांच्या पिढीसाठीच ना? वाचनालयाला आज रोज येणारा माणूस मिळतो आहे तो हाच. डनफर्मलिनच्या ग्रंथालयातही लोक फक्त पुस्तकांना येत नाहीत. कोणी नोकरीचा अर्ज भरायला येतं, कोणी हिवाळ्यात उबेला येतं, तान्ह्या बाळांना घेऊन आया गाणी म्हणायला येतात. त्यांना कोणी हटकत नाही.

पण अभ्यासिका म्हणजे वाचनालय नव्हे, हेही तितकंच खरं. पुस्तकं मागच्या खोलीत ढकलली, की त्या मुलाला परीक्षेच्या पलीकडचं काही सहज हाताला लागायची शक्यता संपते. मला ती लागली होती. दहावीच्या सुट्टीत ग्रंथपाल काकांनी मला पुस्तकांना कव्हरं घालायला बसवलं होतं. खाकी कागद, मैद्याची खळ, कण्यावर शाईने क्रमांक. मग प्रत्येक पुस्तकाच्या एकावन्नाव्या पानावर वाचनालयाचा शिक्का. पहिलं पान चोर फाडतो, काका सांगायचे, एकावन्नाव्याचं त्याला ठाऊक नसतं. मी पान उघडायची, शिक्का मारायची, आणि शाई वाळेपर्यंत ते पान वाचायची. बावन्नावं वाचल्याशिवाय मग राहवायचं नाही. त्या एका मे महिन्यात मी किती पुस्तकांच्या मध्यात शिरले असेन, गणती नाही. हे घडायला पुस्तकं वाटेत असावी लागतात.

म्हणून माझं म्हणणं असं: दर्शनी दालनात कपाटं राहू द्या आणि टेबलं त्यांच्या मधे लावा. दगडी जोतं, तुळया आणि संगमरवरी पाटी ठेवून मागच्या अंगाला नवं बांधकाम करता येईल का, हे एखाद्या जाणत्या वास्तुविशारदाकडून तपासून घ्या. डनफर्मलिनने तेच केलं. गाळे काढायचेच असतील तर त्यांचं भाडं फक्त देखभालीच्या खात्यात जाईल, असं वाचनालयाच्या घटनेत लिहून ठेवा. आणि राज्याच्या कायद्यात ग्रंथालय कर यावा यासाठी पहिला ठराव कोल्हापुरातल्या वाचनालयांनी करावा. १९४५ चा वारसा सांगायचा तर तो इथूनच व्हायला हवा.

नाट्यगृह पुन्हा उभं राहतं आहे. तिसरी घंटा होईल त्या दिवशी मला तिथे बसायचं आहे, रजा शिल्लक ठेवली आहे. आबांच्या वाचनालयाची वार्षिक सभा त्याच्या आधी आहे. गाळ्यांचा प्रस्ताव अजून विषयपत्रिकेवर आहे. मी लिहून पाठवलेला ठरावाचा मसुदा त्याच्या खाली, सहाव्या क्रमांकावर घेतला आहे. काल आबांनी छापील विषयपत्रिकेचा फोटो पाठवला. 'ग्रंथालय कर' हे शब्द त्यांनी पेन्सिलीने अधोरेखित केले होते, आणि समासात त्यांच्या शाळामास्तरी अक्षरात लिहिलं होतं: १९४५ च्या कायद्याची प्रत कुठं मिळेल, बघ.